मेढ न रोवलेला मांडव

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी सव्वाचारच्या सुमारास, आमचा तंबू उडाला. शाळेच्या मैदानावर महिला मंडळाचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. आई आणि शेजारच्या काकू यांचा मिळून एक स्टॉल होता. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया, आमसुलं आणि काकूंच्या हातची चकली. वर निळ्या कापडाचा, दहा फूट बाय दहा फूट असा घडीचा तंबू. दुकानदार त्याला कॅनोपी म्हणतात, काही जण गझिबो म्हणतात. मी तो मोठ्या हौसेनं आणला होता.

बेळगावचा वळीव ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दिवसभर अंग भाजून निघतं, तीननंतर आभाळ काळवंडतं, आणि पावसाच्या पाच-दहा मिनिटं आधी एक गार झोत येतो. तो आला तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. पदर, रुमाल, कॅरीबॅगा उडाल्या, माणसं हसली. मग आमचं निळं छत एकदम पोट फुगवल्यासारखं वर ताणलं गेलं आणि शाळेकडच्या बाजूचे दोन पाय जमिनीवरून सुटले. मी धावत जाऊन एक पाय धरला. मी पंच्याहत्तर किलोचा माणूस, तंबू सोळा किलोचा. मला वाटलं, धरलं की थांबेल. चार पावलं फरफटत गेलो आणि हात सुटला. तंबू उलटा होऊन मागच्या स्टॉलवर पडला. तिथे वड्यांची कढई होती. गिऱ्हाईक पांगलं म्हणून त्या बाईंनी दोनच मिनिटांपूर्वी गॅस बंद केला होता. पण जाता जाता तंबूचा एक पाय बरण्या सावरणाऱ्या काकूंच्या मनगटावर बसला.

उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर. लग्नसराईचे दिवस, रुखवताच्या दोन मोठ्या ऑर्डरी काकूंनी घेतल्या होत्या, त्या परत कराव्या लागल्या. चकलीचा सोऱ्या फिरवणारा हात तो. काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, उलट 'तुला लागलं नाही ना रे?' असं विचारलं. त्यामुळे मला जास्तच लागलं.

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत आता असे तंबू सगळीकडे दिसतात. खाद्यजत्रा, पुस्तकांची विक्री, रक्तदान शिबिर, गणपतीच्या दिवसांतला पाणपोईचा कोपरा. मांडववाल्याला सांगायचं, आगाऊ पैसे द्यायचे, त्याची माणसं कधी येतात याची वाट बघायची, त्यापेक्षा गाडीतून पिशवी काढली की पाच मिनिटांत छप्पर तयार. विकणाऱ्यानं मला हेच सांगितलं होतं आणि ते अगदी खरं होतं. खोटं होतं ते त्याचं दुसरं वाक्य: 'वाऱ्याला याला काही होत नाही साहेब, स्टीलचा आहे.'

तंबू गोळा करायला प्रदर्शनाचा मुख्य मांडव घातलेले मांडववाले मामा मदतीला आले. त्यांचा बांबूंचा मांडव त्याच वाऱ्यात जागचा हलला नव्हता. वाकडी झालेली आमची फ्रेम त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, 'सायेब, ह्याची मेढ कुठं हाय?'

लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ मुहूर्त बघून रोवतात, तिची पूजा करतात. शाळेत निबंधांत आपण 'अमुक कार्याची मुहूर्तमेढ रोवली' असं लिहीत आलो. पण ते क्रियापद 'रोवणं' आहे, 'ठेवणं' नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मांडवाचे खांब जमिनीत जातात. घडीचा तंबू जमिनीवर नुसता ठेवलेला असतो. बाकी सगळं, पोलाद किती जाड, कापड किती भारी, हे त्यानंतरचे प्रश्न. मी मात्र तंबू घेताना या नंतरच्या प्रश्नांची दहा रात्री तुलना केली होती आणि पहिला प्रश्न विचारलाच नव्हता. घरी येऊन पिशवी रिकामी केली तेव्हा तळाशी चार काळ्या, रिकाम्या वाळूच्या पिशव्या सापडल्या. तंबूबरोबर फुकट आलेल्या. त्यांचं प्लास्टिकसुद्धा मी फाडलं नव्हतं.

मग मी कागद-पेन घेऊन बसलो. वारा एखाद्या पृष्ठभागावर किती जोर लावतो याचं साधं सूत्र इमारतींच्या भारतीय मानकात आहे: वाऱ्याच्या वेगाचा, मीटर प्रतिसेकंदात, वर्ग करायचा आणि त्याला ०.६नं गुणायचं. उत्तर येतं ते दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये. दहा बाय दहाच्या तंबूचं छत साधारण ९.३ चौरस मीटर असतं. ताशी २० किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाच्या लहान फांद्या हलतील इतका, त्या छतावर १७-१८ किलोच्या आसपास जोर लावू शकतो. तंबूचं स्वतःचं वजन तेवढंच असतं. वारा दुप्पट झाला, ४० झाला, की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो: ७० किलो. ६० ला तो १६० किलोच्या जवळ जातो. छताचा उतार, वाऱ्याची दिशा, बाजूच्या कनाती, या सगळ्यांनी हे आकडे कमीजास्त होतात, तेव्हा ते केवळ अंदाजासाठी आहेत. पण पंच्याहत्तर किलोचा माणूस का फरफटला, याचं उत्तर त्यांत मिळालं. वर्ग करायचा असतो, हे बारावीत शिकलो होतो. तंबू धरताना ते आठवलं नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट कागदावर उमगली. तंबू सरळ वर उचलला जात नाही. वारा एका बाजूनं आत शिरतो, छताखाली कोंडतो आणि तंबू पलीकडच्या दोन पायांवर कलंडतो. म्हणजे 'तीन पायांना वजन लावलंय, चौथ्याला दगड आहे' असं चालत नाही. वारा नेमका कुठून येईल ते वळवाला विचारून ठरवता येत नाही. आणि कनात लावलेली असेल तर ते सरळसरळ शीड होतं. उन्हाची तिरीप येते म्हणून आपण पश्चिमेची कनात ओढतो, तेव्हा सहा चौरस मीटरचं शीड उभारतो.

या हिशेबावरून आमच्या घरात एक नियम झाला. दहा बाय दहाच्या तंबूला प्रत्येक पायाला किमान २० किलो, आणि वाऱ्याचे झोत ताशी ३५ च्या वर जाणार असतील तर तंबू उभाच करायचा नाही. कनाती लावायच्या असतील तर याहून जास्त वजन हवं.

वीस किलो म्हणजे काय, याचा आपला अंदाज फार चुकतो. पाण्याचा पाच लिटरचा कॅन हातात जड लागतो, पण तो पाचच किलो असतो. विटा बांधलेल्या मी पाहिल्या आहेत. चार विटा म्हणजे फार तर बारा किलो, आणि येणाजाणाऱ्याच्या पायात येतात ते वेगळंच. रंगाची २० लिटरची रिकामी बादली पाण्यानं भरली की २० किलो होते, वाळूनं भरली तर ३० च्या वर. सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे ११० मिलिमीटरचा, आपण ज्याला चार इंची म्हणतो तो, पीव्हीसी पाइप. मीटरभर लांबीचा तुकडा, खाली टोपण, आत काँक्रीट, आणि ओलं असतानाच मध्ये एक आकडा रोवायचा. वाळला की वजन बरोबर वीस किलोच्या आसपास भरतं. पायाला लागून उभा राहतो, जागा अडवत नाही. रिकाम्या वाळूच्या पिशव्या वापरायच्याच असतील तर त्या घरून भरून न्या. 'तिथे गेल्यावर माती भरू' असं म्हणणारा तिथे गेल्यावर बरण्या लावत असतो.

आम्ही बेळगावकर असल्यामुळे आमची सोय आणखी बरी झाली. उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. तिथल्या एका मित्रानं बिडाच्या चकत्या दिल्या, एकेक दहा किलोची, मध्ये भोक असलेली. प्रत्येक पायाला दोन. काँक्रीटपेक्षा बीड जवळपास तिप्पट घन असतं, त्यामुळे वजन तेवढंच पण आकार लहान, आणि एकेक चकती आईलाही उचलता येते. पूर्ण वीस किलोचा एकच ठोकळा केला असता तर तो दरवेळी मलाच न्यावा लागला असता, आणि मी नसलो की 'राहू दे, आज वारा नाही' असं झालं असतं. माणसं वजन लावत नाहीत त्याचं मुख्य कारण आळस नसून पाठदुखी आहे, असं माझं मत झालं आहे.

वजन कसं बांधायचं, यातही चूक होते. पायाच्या तळव्याच्या पत्र्यावर वजन ठेवलं की तो पाय दबतो, पण जोर लागतो वर, छताच्या कोपऱ्यात. पायाचा खालचा भाग हा वरच्या भागातून सरकणारा असतो आणि मधे फक्त एक बटण असतं. ते सुटलं की तळ जमिनीवर आणि तंबू आकाशात. म्हणून छताच्या कोपऱ्यातल्या सांध्यापासून ट्रकवाले वापरतात तसल्या पट्ट्यानं खाली वजनाला ताण द्यायचा, आणि वजन झोके घेऊ नये म्हणून तळाशी पायालाही बांधायचं. खुंट्या ठोकता येत असतील तर उत्तमच, पण त्या तिरप्या, तंबूच्या बाहेरच्या बाजूला ठोकायच्या आणि दोरी कोपऱ्यातून आणायची. आमच्याकडे पश्चिमेला जांभा आहे, त्यात खुंटी वाकते. शाळेच्या मैदानावर तांबडी माती, ती मेमध्ये दगडासारखी आणि पहिल्या सरीनंतर लोण्यासारखी. फरसबंदीवर तर प्रश्नच मिटला. तेव्हा खुंटी ही वरची भर समजावी, भरवसा वजनावर.

आता तंबूच्या निवडीकडे. मोडलेल्या तंबूनं मला जे शिकवलं ते सांगतो.

पहिल्यांदा पाय सरळ आहेत की तिरपे ते बघा. तिरप्या पायांचा तंबू जमिनीवर दहा बाय दहा भरतो आणि त्याच मापानं विकला जातो, पण छत असतं आठ बाय आठ. म्हणजे १०० चौरस फुटांऐवजी ६४ चौरस फूट सावली. किंमत कमी का, हे मग कळतं. सहलीला ठीक, स्टॉलला नाही.

फ्रेम स्टीलची की ॲल्युमिनियमची, यावर भांडणं होतात. माझं मत: ज्यानं उचलायचा त्याच्या वयावर ठरवा. जाड स्टीलचा तंबू तीस किलोच्या पुढे जातो. माझी आई बासष्ट वर्षांची, काकू अडुसष्टच्या. आणि वर आपण शिकलोच आहोत की वाऱ्यापुढे तंबूचं स्वतःचं दहा-बारा किलो जास्त वजन किरकोळ आहे, ते वजन सुट्या चकत्यांत असलेलं बरं. स्टील गंजतं ते बाहेरून दिसत नाही. पावडर कोटिंग चकचकीत असतं आणि नळीच्या आत, बोल्टसाठी पाडलेल्या भोकांपासून, गंज पसरत जातो. ॲल्युमिनियम तसं गंजत नाही, पण पातळ असेल तर वाकतं, आणि एकदा वाकलेलं सरळ करायला गेलात की तिथेच मोडतं. गोव्यात किनाऱ्याजवळ स्टॉल लावणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच घ्यावं, पण त्यातले बोल्ट स्टेनलेस आहेत ना ते बघावं आणि परत आल्यावर फ्रेम गोड्या पाण्यानं धुवावी. खारी हवा ॲल्युमिनियमलाही पांढरी भुकटी आणते. आम्ही शेवटी ४० मिलिमीटरच्या षटकोनी पायांचं ॲल्युमिनियम घेतलं. षटकोनी नळी त्याच जाडीच्या पत्र्यात चौकोनीपेक्षा आडव्या दाबाला बरी टिकते. नळीचा पत्रा किती जाड आहे ते विचारा. एक मिलिमीटरच्या आतला असेल तर मी घेणार नाही.

पण तंबू नळीत मोडत नाही, सांध्यात मोडतो. कात्रीसारख्या उघडणाऱ्या पट्ट्या जिथे पायाला जोडलेल्या असतात तिथे प्लास्टिकचे किंवा नायलॉनचे सांधे असतात. आमच्या पहिल्या तंबूचा एक सांधा उडण्याच्या आधीच, दुसऱ्या प्रदर्शनाला तडकला होता. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, 'सुटा पार्ट येत नाही, नवीन सेट घ्या.' चार इंचांच्या प्लास्टिकसाठी सगळा तंबू टाकून द्यायचा! उद्यमबागेतल्या त्याच मित्रानं ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून तसाच एक सांधा काढून दिला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. त्यामुळे नवा घेताना मी डेनियर, रंग, सवलत यांतलं काही विचारलं नाही. एकच विचारलं: सांधा, पट्टी आणि कापड सुटं मिळतं का, आणि आत्ता दुकानात आहे का? दोन दुकानं सोडली. तिसऱ्यानं मागून एक खोकं आणून सांधे दाखवले. पहिल्या तंबूच्या अडीचपट पैसे गेले, पण चार सांधे आणि दोन पट्ट्या त्याच दिवशी जास्तीच्या घेऊन ठेवल्या.

कापडावर ३००, ४२०, ६०० डेनियर असे आकडे असतात. डेनियर म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. ६०० डेनियरचं सूत ९,००० मीटर घेतलं तर ते ६०० ग्रॅम भरेल. म्हणजे हा आकडा सुताची जाडी सांगतो, पाणी अडेल की नाही ते सांगत नाही. पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा लेप. तो उन्हानं सुटू लागला की कापड हातात चिकट लागतं, पिठासारखे कण पडतात, आणि मग कितीही डेनियर असो, चहात पाणी. दुसरी गळती शिवणीतून होते. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का ते कापड उलटून बघा. दुकानात उलटून दाखवत नसतील तर ती नाही असं समजा.

रंगाबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. निळ्या तंबूखाली सगळ्याला निळसर झाक येते. आमची खमंग भाजणी त्या उजेडात शिळी दिसायची आणि आमसुलं काळीठिक्कर. शेजारी साड्यांचा स्टॉल होता. बायका साडी घेऊन उन्हात जायच्या, रंग बघायच्या आणि तिकडूनच पुढे जायच्या. आता आमचं छत पांढरं आहे. मळतं लवकर, हे खरं. पण भाजणी भाजणीसारखी दिसते, आणि आईच्या मते पहिल्याच दिवशी विक्रीत फरक पडला. तिच्या मताला माझ्याकडे आकड्याचा आधार नाही, पण स्टॉल तिचा आहे.

पावसाचं संकट वाऱ्याहून हळू येतं आणि म्हणून फसवतं. छत सैल असेल तर दोन पट्ट्यांच्या मधे कापडाला पोट सुटतं आणि त्यात पाणी साठतं. एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो. ते खालून काठीनं ढकलून सांडायचं, आणि ते नेमकं बरणीवर किंवा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सांडतं. त्यापेक्षा आधीच कापड ताणून घ्यावं आणि मागच्या बाजूचे दोन पाय एक खाच खाली ठेवावेत. छत मागे उतरतं, पाणी एकाच बाजूनं वाहतं. ज्या बाजूला वाहील तिथे दुसऱ्याचा स्टॉल नाही ना, एवढं बघायचं. शेजारधर्म आहे.

आणि तळणीची कढई तंबूखाली नको. पॉलिएस्टर नुसतं जळत नाही, वितळून ठिबकतं. गॅस आणि कढई मागे, उघड्यावर, हवी तर छत्री धरा. त्या दिवशी मागच्या बाईंनी गॅस दोन मिनिटं उशिरा बंद केला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

निगा राखायची म्हणजे मुख्यतः वाळवायचं. ओला तंबू पिशवीत भरून 'उद्या बघू' म्हटलं, आणि उद्या सोमवार असतो. चौथ्या दिवशी उघडलं की वास येतो, काळे ठिपके दिसतात आणि ते जन्मात जात नाहीत. आता प्रदर्शनाहून आल्यावर रात्री कितीही वाजोत, कापड गच्चीच्या जिन्यात दोरीवर पडतं. डाग पडला असेल तर मऊ ब्रश, अंगाच्या साबणाचं पाणी, बस. वॉशिंग मशीन नको, ब्लीच नको. आतला लेप निघतो. तेलाचे डाग मात्र त्याच दिवशी काढायचे, कारण पहिल्या तंबूच्या वेळी चकलीच्या तेलाचा हात जिथे जिथे लागला होता, नेमकं तिथे तिथे उंदरांनी कुरतडलं. फाटलंच तर ऑटोरिक्षांची हुडं शिवतात त्यांच्याकडे न्या. त्यांची सुई, त्यांचा दोरा आणि त्यांचं ठिगळ या कामाचंच असतं.

सांध्यांना तेल घालू नका. मी घातलं होतं. तेलावर तांबडी धूळ बसली आणि त्याचं सहाणेवरच्या गंधासारखं झालं. सिलिकॉनचा फवारा मिळतो, तो कोरडा राहतो, वर्षातून दोनदा पुरतो. नट घट्ट आवळण्याचा मोहही टाळा. कात्रीच्या पट्ट्या मोकळ्या फिरल्या पाहिजेत. अडकल्या की आपण जोर लावतो, आणि सांधा तडकतो तो तेव्हाच. उघडताना दोघांनी समोरासमोर, पट्ट्यांची फुली जिथे येते तिथे हात न ठेवता, थोडं थोडं मागे सरकत उघडायचं. एकट्यानं उघडायला गेलात तर एक कोपरा पुढे, तीन मागे, आणि पट्टी वाकलीच. आमच्या मुलीचं बोट त्या फुलीत सापडलं होतं, नख काळं पडलं, म्हणून हे सांगतोय.

या वर्षी एप्रिलमध्ये त्याच मैदानावर पुन्हा प्रदर्शन होतं. काकू येतील की नाही याची खात्री नव्हती. मनगट बरं झालंय, पण सोऱ्या आता त्यांची सून फिरवते आणि काकू पीठ बघतात. त्या आल्या. सकाळी मी हवामानाचं ॲप उघडलं. त्यात वाऱ्याचा वेग आणि झोतांचा वेग असे दोन आकडे असतात. आपण पहिला वाचतो, तंबू दुसऱ्यानं उडतो. दुपारी चारनंतर झोत ४५ दाखवत होतं. म्हणजे नियमाप्रमाणे तंबू उभाच करायचा नव्हता. पण सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. शेवटी आईनं ठरवलं, साडेतीनपर्यंत ठेवू, मग उतरवू, आभाळ काय म्हणतंय ते न बघता. आमच्या घरात असे निर्णय ॲपपेक्षा आईनं घेतलेले जास्त पाळले जातात.

साडेतीनला आम्ही तंबू उतरवायला घेतला तेव्हा पाऊस सोडाच, पानही हलत नव्हतं. स्टॉल भर गर्दीत होता. दोन-तीन शेजाऱ्यांनी 'एवढ्यात आवरलंत?' असं विचारलं. आम्ही काही बरण्या शाळेच्या व्हरांड्यात नेल्या आणि आई छत्री उघडून टेबलामागे बसली. त्या दिवशी वळीव आलाच नाही. सहा वाजता चक्क चांगलं ऊन होतं आणि आईचा छत्रीचा हात दुखत होता. अडीच तासांची विक्री निम्म्यावर आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू पुन्हा उभा केला. मी दोन चकत्या लावून तिसरीकडे वळलो तर काकू टेबलाच्या पलीकडून आल्या होत्या. डाव्या हातानं त्यांनी पहिल्या पायाचा पट्टा ओढून बघितला, मग दुसऱ्याचा. तिसऱ्यापाशी थांबल्या. 'हा सैल आहे बघ,' म्हणाल्या. मी आवळला. चौथाही ओढून झाल्यावर त्या आत गेल्या आणि चकलीचा डबा उघडला.